सायलेन्सरमधली माती

गेल्या वर्षी पाऊस सरता सरता एका पहाटे आमच्या काकांनी व्हॅनला स्टार्टर मारला आणि अर्धं कडाव दचकून जागं झालं. ट्रॅक्टर फुटावा तसा आवाज. काका खाली वाकले, बॅटरी मारली. इंजिनापासून मागे जाणारा पाइप मध्येच कापलेला आणि सायलेन्सर गायब. बाकी गाडी जशीच्या तशी. टेप जागेवर, स्टेपनी जागेवर, डॅशबोर्डवर ठेवलेली बालदिगंबराची छोटी मूर्तीसुद्धा जागेवर.

"लोखंडच न्यायचं होतं तर टायर न्यायचे," काका म्हणाले. "या पत्र्याचं भंगारवाला देणार किती?"

दुपारी कर्जतच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, "पत्र्यासाठी नाही नेला काका. आतल्या मातीसाठी नेला."

ही 'माती' तुम्ही बातम्यांत वाचली असेल. काही वर्षांपासून महाराष्ट्रात आणि गुजरातेत इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाण्याच्या बातम्या सतत येतात. चोर पकडले की पोलिसांच्या टेबलावर पाइपांच्या शेजारी करड्या भुकटीच्या पिशव्या मांडलेल्या दिसतात. हीच ती माती. काकांनी मला विचारलं, "तू सायन्सला होतास ना? एवढीशी माती, काय असतं तिच्यात?"

तेव्हा मी "प्लॅटिनम असतं" एवढंच म्हणालो. ते खरं होतं, पण उत्तर अपुरं होतं. पुढे अनेक दिवस मी वाचत राहिलो. तिच्यात दोनशे वर्षं निघाली. मुंबई निघाली, दक्षिण आफ्रिका निघाली, पुणे निघालं आणि शेवटी आमच्या दारातली पेज नदीही निघाली.

अर्धा गुंठा

आधी वस्तू नीट पाहू. चोरीला जातो तो सगळाच सायलेन्सर नसतो. आवाज कमी करणाऱ्या डब्याच्या आधी, इंजिनाच्या जवळ, आणखी एक फुगीर डबा असतो. तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखा चिनीमातीचा ठोकळा बसवलेला असतो, आरपार बारीक भोकांचा. भोकांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खरखरीत थर आणि त्या थरावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचे कण. हा ठोकळा कुटला की माती तयार.

इंजिनातून तीन घातक गोष्टी बाहेर पडतात. अर्धवट जळालेल्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं. गरम धूर या कणांना घासून गेला की पहिल्याचं कार्बन डायऑक्साइड होतं, दुसऱ्याचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, तिसऱ्याचा साधा नायट्रोजन. कार्बन डायऑक्साइड तसाच राहतो, त्यामुळे पृथ्वीच्या तापमानवाढीवर या डब्याचा काही इलाज नाही. पण गाडीमागे उभ्या असलेल्या माणसाच्या फुप्फुसाला त्याने फार मोठा फरक पडतो.

हे धातू स्वतः खर्च होत नाहीत. शाळेत आपण त्यांना उत्प्रेरक म्हणायला शिकलो. कर्जतच्या माणसाला यासाठी लगेच बँकर इंजिन आठवेल. घाट चढायला गाडीच्या मागे बँकर लागतो, वर पोचवून सुटतो आणि पुढच्या गाडीसाठी खाली येतो. परत येतो हे साम्य बरोबर आहे. पण बँकर जोर लावतो आणि उत्प्रेरक जोर लावत नाही. तो डोंगरातल्या बोगद्यासारखा आहे. माथ्यावरून जायला जी चढण लागली असती ती तो वाचवतो. खालचं गाव आणि वरचं गाव जिथल्या तिथेच, फक्त मधली वाट सोपी.

मग कण इतके बारीक कशाला? कारण सगळं काम पृष्ठभागावर चालतं. आत दडलेला अणू बिनकामाचा. याचा हिशोब मी गुंठ्यात केला, कारण काकांना चौरस मीटर सांगून उपयोग नव्हता. एक घन सेंटीमीटर प्लॅटिनमचं वजन साधारण २१ ग्रॅम आणि पृष्ठभाग ६ चौरस सेंटीमीटर, म्हणजे टपाल तिकिटाएवढा. याच तुकड्याचे ५ नॅनोमीटरचे घन पाडले तर एकूण पृष्ठभाग १२०० चौरस मीटर होतो. ग्रॅमला ५६ चौरस मीटर. म्हणजे एका ग्रॅममध्ये अर्ध्या गुंठ्याहून जास्त जागा! ५ नॅनोमीटर म्हणजे प्लॅटिनमचे जेमतेम १८ अणू ओळीत. आजकाल ज्याला 'नॅनो' म्हणून मिरवतात ते काकांच्या गाडीखाली चिखल खात कडाव ते कर्जत रोज धावत होतं.

"अर्धा गुंठा?" काका म्हणाले. "हायवेला लागून असता तर मी पण चोरला असता."

नदीत फेकलेला धातू

या धातूचं नावच मुळात तुच्छतेने ठेवलेलं आहे. आजच्या कोलंबियातल्या चोको भागात नदीच्या वाळूतून सोनं काढताना स्पॅनिश लोकांना पांढरे जड कण सापडत. ते वितळत नसत. स्पॅनिशमध्ये चांदीला 'प्लाता' म्हणतात, म्हणून हे 'प्लातिना', चांदीची धाकटी नात म्हणा. सोन्यात भेसळ करायला ते चालत असल्याने सरकारी अधिकारी ते नदीत फेकून देत. अंतोनिओ दे उयोआ या स्पॅनिश अधिकाऱ्याने १७४८ साली त्याची नोंद छापली, तेव्हा युरोपला या धातूची नीट ओळख झाली.

त्याचा खरा गुण कळायला आणखी सत्तर वर्षं गेली. १८१७ मध्ये हम्फ्री डेव्ही कोळशाच्या खाणीतल्या दिव्यावर काम करत होता. त्याला दिसलं की गरम प्लॅटिनमची तार ज्वलनशील वायू आणि हवेच्या मिश्रणात धरली तर ज्योत नसतानाही ती लाल होऊन तापत राहते. १८२३ मध्ये जर्मनीत येना इथे डोबरायनरने हायड्रोजनची धार प्लॅटिनमच्या भुसभुशीत स्पंजावर सोडली आणि काडी न लावता पेट घेतला. त्यातून त्याने दिवा पेटवायचं यंत्र केलं. आगपेटी घरोघरी पोचायच्या आधीचा हा लायटर. यातही कळीचा शब्द 'स्पंज' होता. सपाट पत्र्याने जे काम सहज होत नव्हतं ते भुसभुशीत प्लॅटिनमने केलं. १८३५ मध्ये स्वीडनच्या बर्झेलियसने अशा सगळ्या प्रकारांना 'कॅटॅलिसिस' हे नाव दिलं.

चार वर्षांनी, १८३९ मध्ये, विल्यम ग्रोव्हने त्याच प्लॅटिनमकडून उलटं काम करून घेतलं. वीज सोडली की पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात हे माहीत होतं. ग्रोव्हने प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर ते दोन वायू पुन्हा एकत्र आणले आणि तारेतून वीज वाहू लागली. आग नाही, धूर नाही, मागे उरलं ते पाणी. हा पहिला फ्युएल सेल. ग्रोव्ह पेशाने वकील होता आणि पुढे न्यायाधीश झाला. त्याची बॅटरी मात्र शंभर वर्षांहून जास्त काळ प्रयोगशाळेतच राहिली, कारण कोळसा स्वस्त होता आणि प्लॅटिनम महाग.

म्हणजे काकांच्या गाडीखालचा डबा आणि आज ज्याची एवढी चर्चा चालते ती हायड्रोजन गाडी ही एकाच आजोबाची नातवंडं. एक धूर धुणारं, दुसरं धूरच न करणारं.

शिसं आणि प्लॅटिनम

धूर धुण्याची कल्पना यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याची. तेलशुद्धीकरणात उत्प्रेरक आणून तो आधीच नावाजला होता. अमेरिकेत स्थायिक झाल्यावर, १९५० च्या सुमारास, तो गाड्यांच्या धुराकडे वळला. त्याचा डबा चालत होता, पण पेट्रोलने त्याला मारलं. त्या काळी पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालत, इंजिन ठोके मारू नये म्हणून. धुरातून आलेलं शिसं प्लॅटिनमच्या कणांवर बसायचं आणि तो अर्धा गुंठा कायमचा झाकून टाकायचं. हूड्री १९६२ साली वारला. त्याचा डबा गाड्यांत सर्रास बसला तो १९७५ च्या अमेरिकी मॉडेलांपासून, १९७० च्या स्वच्छ हवेच्या कायद्यामुळे.

यात एक विलक्षण गोष्ट घडली. शिसं माणसाला, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे हे डॉक्टर कधीपासून सांगत होते. तरीही अमेरिकेतल्या पंपावर बिनशिशाचं पेट्रोल सक्तीने ठेवायला लावलं ते आधी कन्व्हर्टर वाचवण्यासाठी. मुलांसाठी जे लवकर झालं नाही ते प्लॅटिनमसाठी झालं. आणि त्याचा फायदा मुलांना मिळाला.

आपल्याकडे हे वारं वीस वर्षांनी आलं. दिल्लीच्या हवेवरून एम. सी. मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात लढलेल्या खटल्यांनी सरकारला हलवलं. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि तिथे बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं. शिसं देशभरातून हटलं ते १ फेब्रुवारी २००० पासून. पुढे पाळी आली गंधकाची, कारण तोही या कणांना विषासारखा. १ एप्रिल २०२० ला बीएस ६ आलं आणि इंधनातला गंधक दहा लाखांत दहा भागांवर उतरला.

तारखा पुन्हा पाहा. १९९५ साली मुंबईच्या मुलाला जी हवा मिळायला लागली ती मिळायला कर्जत-खालापूरच्या मुलाला २००० साल उजाडावं लागलं. गाडी तीच, रस्ता तोच, पण नियम महानगराच्या वेशीपर्यंत. ही पाच वर्षं मला उगाच टोचत राहिली. त्याचं कारण पुढे येईल.

सुफलाची गोणी

प्लॅटिनम आमच्या घरात व्हॅनच्याही आधी आलेलं होतं, हे मला वाचता वाचता कळलं. ते आलं खताच्या गोणीतून.

कडावच्या शेतात भात. भाताला खत. माझ्या लहानपणी आमच्या पडवीत 'सुफला १५:१५:१५' च्या गोण्या असत. रिकाम्या झाल्या की त्यांची पावसाळी घोंगडी व्हायची. सुफला बनतं ट्रॉम्बेला, राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्समध्ये. त्यासाठी नायट्रिक आम्ल लागतं. आणि नायट्रिक आम्ल जगभर जवळपास एकाच रीतीने बनतं. अमोनिया आणि हवा तापलेल्या जाळीतून सोडतात. ती जाळी प्लॅटिनम आणि ऱ्होडियमच्या बारीक तारांची विणलेली असते. जर्मनीच्या ऑस्टवाल्डने १९०२ च्या सुमारास ही रीत बसवली. तळोज्याला, आपल्याच जिल्ह्यात, नायट्रिक आम्लाचे मोठे कारखाने आहेत, तिथेही हेच.

म्हणजे आमच्या ताटातल्या भातामागे कुठेतरी प्लॅटिनमची जाळी आहे. तिला अजून कुणी चोरलेलं नाही, कारण ती उघड्यावर रात्र काढत नाही.

टाटाचं पाणी

आता दारातल्या नदीकडे येतो. पेज उन्हाळ्यातही वाहते. सह्याद्रीच्या या बाजूच्या कितीतरी नद्या फेब्रुवारीतच दगड दाखवतात, पण पेजेला एप्रिलातही पाणी असतं. लहानपणी आम्हाला वाटायचं की ही नदीची कृपा. म्हातारी माणसं म्हणायची, "टाटाचं पाणी आहे ते."

खरंच टाटाचं. घाटमाथ्यावर, आंदर मावळात, ठोकळवाडीला आंद्रा नदीवर धरण आहे. ते पाणी मुळात पूर्वेला वाहणारं. इंद्रायणी, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जाणारं. ते बोगद्याने पश्चिमेकडे वळवलं आणि सुमारे पाचशे मीटर खाली भिवपुरीच्या वीजघरावर सोडलं. १९२२ साली तिथे वीज सुरू झाली. त्याआधी १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं होतं, लोणावळ्याच्या तलावांवर. दोन्हींचा हेतू एकच, मुंबईच्या कापड गिरण्यांना कोळशाऐवजी पाण्याची वीज. जमशेदजी टाटांच्या मनात ही कल्पना होती. १९०४ साली ते गेले आणि पुढच्या पिढीने ती पुरी केली.

आज ज्याला स्वच्छ ऊर्जा म्हणतात ती आमच्या तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी तयार होत होती. गिरणगावातल्या चाळींवरचा धूर तिने कमी केला. पण तारा आमच्या डोक्यावरून गेल्या. माझी आजी सांगायची की तिच्या लहानपणी टॉवर होते आणि घरात रॉकेलची चिमणी होती. वीज बनवणारं गाव आणि वीज वापरणारं गाव वेगळं, हे तिला कधी कुणी समजावून सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

आमच्या वाट्याला वीज उशिरा आली, पण पाणी तरी आलं. वीज करून झाल्यावरचं पाणी पेजेत उतरतं, राजनाला कालव्याने शेतात जातं, त्यावर उन्हाळी भात होतो. पेजेचं पाणी पुढे उल्हास नदीत मिळतं आणि खालच्या शहरांच्या नळांना पोचतं. घाटावरच्यांच्या वाट्याला मात्र बुडालेली शेतं आली. मुळशीच्या धरणावेळी, १९२१ पासून, मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्यात पुढे होते आणि त्यातूनच 'सेनापती' झाले. तरी धरण झालंच. ते पाणी १९२७ पासून भिऱ्याला, रायगड जिल्ह्यातच, वीज करू लागलं.

आता त्याच भिवपुरीला नवं पर्व येऊ घातलंय. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि महाराष्ट्र सरकार यांच्यात करार झाला. शिरवत्याला १८०० मेगावॉट आणि भिवपुरीला १००० मेगावॉटचे पंप्ड स्टोरेज प्रकल्प. दिवसा सूर्याची वीज जास्त झाली की पाणी वर चढवायचं, रात्री हवी तेव्हा खाली सोडायचं. डोंगराचीच बॅटरी.

पुण्याची गाडी

वीज साठवायचा दुसरा मार्ग ग्रोव्हचा. जास्तीच्या विजेने पाणी फोडायचं, हायड्रोजन साठवायचा, हवा तेव्हा फ्युएल सेलमध्ये घालून पुन्हा वीज घ्यायची. ४ जानेवारी २०२३ ला केंद्राने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. त्यासाठी १९,७४४ कोटी रुपये ठेवले आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य.

आमच्या घाटाच्या वरच्या टोकाला, पुण्यात, याची तयारी आधीच चालू होती. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे पाषाण रोडवरची एनसीएल. १९५० साली सुरू झालेली. तिथे तयार झालेल्या फ्युएल सेलवर ऑक्टोबर २०२० मध्ये सीएसआयआर आणि केपीआयटी यांनी एक कार चालवून पाहिली. सेल ६५ ते ७५ अंश सेल्सिअसला चालणारा, म्हणजे चहाच्या उकळीपेक्षाही थंड. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच हायड्रोजनवरची बस दाखवली गेली.

अशा सेलमध्ये कार्बनच्या भुकटीवर प्लॅटिनमचे दोन-पाच नॅनोमीटरचे कण बसवलेले असतात. हायड्रोजनच्या बाजूचं काम सोपं. ऑक्सिजनच्या बाजूची क्रिया फार मंद, तिथेच जास्त प्लॅटिनम लागतं. आणि गंमत अशी की जो कार्बन मोनॉक्साइड व्हॅनच्या डब्यात तीनशे अंशाला प्लॅटिनम सहज जाळतं, तोच सत्तर अंशाला त्याच प्लॅटिनमला घट्ट चिकटून बसतो आणि सेल बंद पाडतो. म्हणून फ्युएल सेलला अतिशुद्ध हायड्रोजन लागतो. गुण धातूचा एकटा नसतो, तापमानासकट असतो.

पाणी फोडायलाही हेच. जुनी अल्कलाइन रीत निकेलवर भागवते. पंजाबात नांगलला १९६० च्या दशकात भाक्राच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढून खत बनवत होते. पण चढत्या-उतरत्या सौरविजेशी चटकन जुळवून घेणारी नवी रीत एका बाजूला प्लॅटिनम मागते आणि दुसऱ्या बाजूला इरिडियम. इरिडियम अख्ख्या जगात वर्षाला सात-आठ टन निघतं. एका ट्रकात मावेल एवढं. त्यामुळे खरी शर्यत धातू कमी करण्याची आहे. कण आणखी लहान करणं, आत स्वस्त धातू ठेवून वर प्लॅटिनमची साल चढवणं, कोबाल्टशी मिश्रण करणं, किंवा लोह आणि नायट्रोजन कार्बनात गुंफून प्लॅटिनमला रजाच देणं. एनसीएलमध्येही यावर वर्षानुवर्षं काम चाललं आहे.

याच प्रयोगशाळेतली एक गोष्ट मला फार आवडते. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली गवती चहाच्या अर्कात सोन्याचा क्षार मिसळून सोन्याचे नॅनो आकाराचे त्रिकोण मिळवले. आपल्या परसात येतो त्याच्याच भावकीतला गवती चहा, घसा धरला की उकळतो तो. ते त्रिकोण उत्प्रेरकासाठी नव्हते. पण सोन्याची गोष्ट यात महत्त्वाची आहे. सोनं कशातच भाग घेत नाही म्हणून तर आपण ते अंगावर घालतो. जपानच्या हारुता यांनी १९८७ मध्ये दाखवलं की तेच सोनं काही नॅनोमीटरचं करून योग्य ऑक्साइडवर बसवलं तर शून्याखालच्या तापमानालाही कार्बन मोनॉक्साइड जाळतं. आजीच्या पाटलीत निपचित पडलेलं सोनं इतकं बारीक केलं की कामाला लागतं.

मातीची किंमत

आता चोराकडे परत येऊ. खाणीतल्या एक टन दगडातून प्लॅटिनम गटातले धातू जेमतेम काही ग्रॅम निघतात. कन्व्हर्टरच्या मातीत तेवढे एखाद-दोन किलोत असू शकतात. म्हणजे ही माती खाणीच्या दगडापेक्षा शेकडो पट श्रीमंत. मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या दहापटीहून जास्त झाला होता. चोराला नॅनोकण कळत नसतील, भाव बरोबर कळतो.

जगातलं बहुतेक प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेतून येतं. तिथल्या मारिकाना या खाणीत १६ ऑगस्ट २०१२ ला पगारवाढीसाठी संपावर असलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्या एका दिवसात ३४ माणसं मेली. मागणी होती महिना साडेबारा हजार रँडची. जमिनीखाली वाकून खडक फोडणारी माणसं, ज्यांच्या धातूने लांबच्या शहरांची हवा स्वच्छ होते.

हे वाचल्यावर मला आजीची चिमणी आठवली. आंदर मावळातली बुडालेली शेतं आठवली. १९९५ आणि २००० मधली ती पाच वर्षंही आठवली. या सगळ्या गोष्टी सारख्या नाहीत. गोळीबार आणि उशिरा आलेली वीज एका तराजूत घालता येत नाही. पण त्यांत एक धागा आहे. स्वच्छता एकीकडे होते आणि तिचा खर्च दुसरीकडे पडतो. म्हणून ती नकोच असं मी म्हणणार नाही. खोपोली-भिवपुरी नसती तर मुंबईने तेवढा कोळसा जाळला असता. कन्व्हर्टर नसता तर शाळेच्या गाडीमागून चालणाऱ्या पोरांनी तो धूर प्यायला असता. पण पुढच्या वेळी कुणी 'हरित' असा शब्द वापरला की खर्च कुणाच्या खात्यावर पडलाय, हे विचारायची सवय मला लागली आहे.

प्लॅटिनमच्या बाबतीत हा खर्च कमी करायची एक वाट उघडी आहे. हा धातू खर्च होत नाही. जुना कन्व्हर्टर नीट गोळा केला, भट्टीत घातला, आम्लात विरघळवला, तर बराचसा धातू परत मिळतो. नवी मुंबईत हे काम करणारे कारखाने आहेत. तेवढा कमी दगड फोडावा लागतो. म्हणजे चोर जे करतो तेच काम रीतसर, पावती देऊन आणि गाडी भंगारात गेल्यावर करायचं.

काकांचं काय झालं? नव्या कन्व्हर्टरचा आकडा ऐकून ते खुर्चीतच बसले. कुणीतरी स्वस्तातला उपाय सांगितला. नुसता पाइप जोडून घ्या, वर साधा सायलेन्सर, आवाज बंद. गाडी तशीच पळते, कुणाला कळत नाही. काकांनी तसं केलंही. तीन आठवडे ती तशीच धावली. मी एकदा कशेळ्यापर्यंत बाइकवरून तिच्या मागे होतो. धूर काही दिसत नव्हता. कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. पण तिच्या आत सकाळी शाळेची नऊ मुलं असतात हे मला माहीत होतं.

त्या रात्री मी त्यांना सगळं सांगितलं. जाळी, शिसं, अर्धा गुंठा. मारिकानाही सांगितलं. ते ऐकत होते की नाही कळेना. शेवटी म्हणाले, "म्हणजे चोरी माझी झाली आणि धूर पोरांना."

दिवाळीनंतर त्यांनी भिशीचे पैसे उचलले आणि नवा कन्व्हर्टर बसवला. आता त्याभोवती लोखंडी सळ्यांचा पिंजरा वेल्डिंग करून घेतला आहे. पहाटे गाडी सुरू होते तेव्हा कुणी जागं होत नाही. फक्त रस्त्यात मोठा खड्डा आला की पिंजरा आपटतो, आणि काका मागे वळून पोरांना सांगतात, "काही नाही रे, सोनं वाजलं."